आल्प्समध्ये बाईक टूर: आठ देश नको, आठ घाट करा

प्रश्न थोडक्यात असा आहे की पुण्याचे चौघं मित्र, सगळे चाळिशीतले, ताम्हिणी-वरंधा-आंबेनळी हाताखालून गेलेले, एकदा लडाख झालेलं, जूनच्या शेवटी दहा दिवसांसाठी म्युनिकला येऊन बाईक भाड्याने घेणार आणि आठ देश करणार, तर प्लॅन बरोबर आहे का आणि काय काळजी घ्यायची.

प्लॅन बरोबर नाहीये. राग मानू नका, पण हाच प्लॅन आम्ही २००९ मध्ये केला होता म्हणून सांगतोय. मी मूळचा सातारचा, २००६ पासून म्युनिकजवळ राहतो, आणि आमची पाच जणांची गँग (एक नाशिककर, एक कोल्हापूरकर, एक डॉक्टर, एक पार्ल्याचा शुद्ध शाकाहारी आणि मी) २०२० चं वर्ष सोडलं तर दर उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस बाहेर पडते. पहिल्या वर्षी आम्ही नऊ दिवसांत सहा देश केले आणि आज मला त्यातलं आठवतं काय, तर हायवेवरचे पेट्रोल पंप आणि दुखणारं कंबरडं. एक देश तर आम्ही चाळीस मिनिटांत संपवला, लिश्टेनश्टाईन, तिथे एक कॉफी प्यायलो आणि फोटो काढला. यादीत नाव लागलं, बस.

घाटात दिवसाला २०० ते २५० किलोमीटर म्हणजे पूर्ण दिवस. मॅपवर साडेचार तास दिसतील, पण त्यात फोटो, कॉफी, पेट्रोल, कुणाची तरी चेन, कुणाचं तरी "दोन मिनिटं थांब रे", सायकलवाल्यांच्या झुंडी आणि समोर चालणारा कॅम्परव्हॅन धरला की सकाळी आठला निघून संध्याकाळी पाचला पोचता, आणि पाचला पोचलंच पाहिजे कारण जुलैच्या आसपास दुपारनंतर डोंगरात वादळी पाऊस ठरलेला. म्हणून दहा दिवसांसाठी तीनच देश घ्या, म्युनिक सुटायला जर्मनी, मग ऑस्ट्रिया, आणि मुक्काम इटलीच्या उत्तरेला. स्वित्झर्लंडचा एखादा तुकडा वाटलाच तर.

माझा रूट सांगतो, यात फेरफार करा. पहिले दोन दिवस म्युनिकहून टेगर्नझे, आखेनझे करत झेल आम झे, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ग्रोसग्लॉकनरचा रस्ता, १९३५ साली उघडलेला, ४८ किलोमीटर, टोल आहे आणि बाईकला तीस युरोच्या पुढे बसतो, पण पैसे वसूल. हा रस्ता दोन गावं जोडायला म्हणून कमी आणि लोकांनी गाडी घेऊन डोंगर बघायला यावं म्हणून जास्त बांधलाय, त्यामुळे थांबायला जागा भरपूर. वर २५७१ मीटरवर एडलवाइसश्पित्झं म्हणून टोक आहे, तिथे जायचा शेवटचा तुकडा दगडी फरसबंदीचा आणि अरुंद, ओला असेल तर बाईक खाली लावा आणि चालत जा, लाजू नका. मग लिएन्झवरून इटलीतले डोलोमाइट्स डोंगर, आणि तिथे एकाच हॉटेलात तीन रात्री. सामान खोलीत टाकायचं आणि रिकाम्या बाईकवर सेल्ला, गार्डेना, कांपोलोंगो, पोर्दोई हे चार पास (म्हणजे खिंडीतून जाणारे घाट) गोल फिरायचे, दुसऱ्या दिवशी जाउ (२२३६ मीटर). सामानाशिवाय बाईक चालवण्यातलं सुख तुम्हाला तिसऱ्या दिवशी कळेल.

तिथून माझा सगळ्यात लाडका दिवस. कारेर पासवरून बोत्झेन, मग पेन्सर योख (२२११ मीटर), खाली श्टेर्झिंग, लगेच याउफेन पास, मग मेरान, आणि संध्याकाळी प्राद. सगळे मिळून सव्वादोनशे किलोमीटर होतील. पेन्सर योखवर गर्दी नसते कारण त्याचं नाव कुणाच्या यादीत नाही. प्रादला दोन रात्री, स्टेल्व्हिओ पाससाठी. परतीला रेशेन तलावावरून जा, १९५० साली धरणात गाव गेलं आणि चर्चचा मनोरा तेवढा पाण्यातून वर राहिलाय, आपल्या उजनीत पळसदेवचं देऊळ आहे ना तसं, फक्त हा मनोरा बाराही महिने दिसतो, पाणी आटायची वाट बघावी लागत नाही. पहिल्यांदा नाशिककरानेच पळसदेवची आठवण काढली आणि मग तासभर तिथेच बसलो, बोललो कमीच.

आता स्टेल्व्हिओ. तुम्ही जाणारच, सगळे जातात, त्यामुळे जाऊ नका म्हणून उपयोग नाही. २७५७ मीटर, प्रादच्या बाजूने ४८ हेअरपिन. ऑस्ट्रियन साम्राज्याने १८२० ते १८२५ मध्ये बांधला, इंजिनिअर कार्लो दोनेगानी. प्रत्येक वळणावर नंबर आहे आणि तो उलटा, खाली ४८ आणि वर जाताना कमी कमी होत जातो, त्यामुळे दमल्यावर किती उरलेत ते समजतं. सकाळी साडेसातच्या आत पहिल्या वळणावर असा. दहानंतर तिथे बस, सायकली, स्पोर्ट्स कार, पोर्शंचे क्लब, म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशीचा कशेडी घाट.

आणि इथे ती गोष्ट सांगतो जी लडाख करून आलेल्या माणसालाही कोणी सांगत नाही. आपण आयुष्यभर डाव्या बाजूने गाडी चालवली, त्यामुळे आपल्या घाटात अवघड वळण डावं असतं, उजवं वळण मोठं आणि सोपं पडतं. इकडे सगळं आरशात बघितल्यासारखं. उजव्या बाजूने चालवायचं, म्हणजे उजवा हेअरपिन हा कोपऱ्यातला, घट्ट आणि उभा. त्यात थ्रॉटलचा हात आतल्या बाजूला येतो, हँडल पूर्ण वळलं की मनगट पोटाशी येतं आणि नेमका तिथेच गॅस कमीजास्त होतो. सरळ रस्त्यावर "उजवीकडे राहा" हे अर्ध्या दिवसात अंगवळणी पडतं. घट्ट उजवं वळण पडत नाही, कारण ते डोक्याने नाही, अंगाने शिकलेलं असतं.

माझं काय झालं, पहिल्याच वर्षी, विसाव्या का एकविसाव्या वळणावर. वरून एक बस येताना दिसली, मी घाबरून वळणातच क्लच दाबला, नजर गेली आतल्या दगडी कठड्यावर, आणि जिथे नजर तिथे बाईक. स्पीड शून्य. उजवा पाय टेकवायला गेलो तर वळणाचा रस्ता आतल्या बाजूला उतरता असतो, त्यामुळे जमीन अपेक्षेपेक्षा चार बोटं खालीच. ती चार बोटं म्हणजे सामानासकट पावणेतीनशे किलो आडवे. लागलं काहीच नाही, फक्त ब्रेकचा लिव्हर मोडला आणि बसमधल्या पन्नास जपानी आजी-आजोबांनी उतरून फोटो काढले. माझे मित्र मदतीला आले, पण त्यांनीही आधी फोटोच काढले.

मग करायचं काय तर, वळणाच्या आधीच मान वर करून वरच्या रस्त्यावर कोण येतंय ते बघायचं. बस येत असेल तर वळणाच्या खाली सरळ भागात थांबून तिला जाऊ द्यायचं, तिला पूर्ण वळण लागतं. मोकळं असेल तर पहिला गियर, क्लच पूर्ण सोडलेला, गॅस एकसारखा, आणि स्पीड कमी करायचा असेल तर मागच्या ब्रेकने हलकेच, पुढचा ब्रेक अजिबात नाही. नजर वळण संपतं तिथे, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या उजव्या खांद्यावरून मागे. वेडपट वाटतं पण बाईक तिकडेच जाते. बाईक मिळाल्या की पहिल्या दिवशी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये वीस मिनिटं उजवीकडे गोल गोल फिरवा, चौघांनीही, लडाखवाल्यानेही.

बाईक कुठली घ्यायची यावर तुमच्यात भांडणं होणार मला माहितीये. चौघांनाही बीएमडब्ल्यूची मोठी जीएस हवी असणार. ती गाडी उत्तमच आहे, पण सामान न भरता अडीचशे किलोच्या घरात जाते, आणि तुम्ही रोज बुलेट नाहीतर हिमालयन चालवता. दोनशे किलोच्या आतबाहेरची, ७०० सीसीच्या आसपासची कुठलीही टूरिंग बाईक आल्प्सला भरपूर होते. पाचजणांत सगळ्यात छोटी बाईक डॉक्टरची आणि तोच दरवेळी वर आधी पोचून कॉफी मागवून बसलेला असतो.

भाड्याच्या बाबतीत, लायसन्सवर गियरवाली मोटरसायकल असली पाहिजे आणि आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परमिट काढून आणा, ते वर्षभर चालतं, मूळ लायसन्स सोबत लागतंच. डिपॉझिट क्रेडिट कार्डवर अडकवतात आणि कार्ड बाईक घेणाऱ्याच्याच नावाचं मागतात. रोजची किलोमीटर मर्यादा आणि कुठल्या देशांत न्यायला परवानगी आहे ते आधी वाचा. ताब्यात घेताना बाईकचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, रिमसकट. एका दुकानाने आमच्याकडून आधीच असलेल्या ओरखड्याचे साडेतीनशे युरो कापले होते, नाव घेत नाही, पण तेव्हापासून नाशिककर लग्नाचं शूटिंग करतो तसं बाईकचं करतो, टायरचा क्लोजअप वगैरे.

पेट्रोल. हे नीट वाचा. इटलीत "बेन्झीना" म्हणजे पेट्रोल आणि "गासोलिओ" म्हणजे डिझेल. आमचा कोल्हापूरकर आदल्या वर्षी ऑफिसच्या कामाने स्पेनला जाऊन आला होता, तिथे "गासोलिना" म्हणजे पेट्रोल, त्यामुळे तिरानोजवळच्या पंपावर गडी एकदम आत्मविश्वासाने गासोलिओ भरून मोकळा, वर आम्हाला म्हणतो इथे स्वस्त आहे रे. नळीत उरलेल्या पेट्रोलवर बाईक दीड-दोन किलोमीटर चालली, मग पांढरा धूर, मग आचके, मग बंद, भर उन्हात, द्राक्षांच्या मळ्याशेजारी. ढकलत जवळच्या गावात नेली. रविवार दुपार, सगळं बंद. एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या घराची बेल वाजवली, तो जेवणावरून उठून आला, टाकीचं झाकण उघडून वास घेतला, आमच्याकडे बघितलं आणि बायकोला हाक मारून काहीतरी सांगितलं. ती बाहेर आली आणि हसतच सुटली. पूर्ण टाकी काढून उलटी केली, पंप आणि नळी पेट्रोलने धुतली, प्लग पुसले, चार तास गेले. घेतले चाळीस युरो, आणि ते डिझेल कॅनमध्ये भरून ट्रॅक्टरला ठेवून घेतलं. बाईक पुढे तीस किलोमीटर धूर सोडत होती. कोल्हापूरकराचं नाव तेव्हापासून गासोलिओ.

आता सोपं झालंय, २०१८ पासून युरोपभर पंपावर स्टिकर असतात, पेट्रोल म्हणजे गोल (ई५, ई१०) आणि डिझेल म्हणजे चौकोन (बी७). गोल ते आपलं. फ्रान्समध्ये डिझेलला "गाझोल" म्हणतात, तिथेही तोच सापळा. आणि इटलीत दुपारी पंपावर माणूस नसतो, मशीनमध्ये आधी नोट किंवा कार्ड घालावं लागतं, काही कार्डं चालत नाहीत, म्हणून वीस युरोच्या दोन नोटा खिशात ठेवा. स्टेल्व्हिओच्या पलीकडे लिव्हिन्यो नावाचं करमुक्त गाव आहे, तिथे पेट्रोल खरंच स्वस्त, त्यामुळे अख्खा युरोप तिथे टाकी भरायला येतो.

टोलचं पटकन सांगतो. ऑस्ट्रियाच्या मोटरवेवर बाईकलाही विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-स्टिकर, लागतं, आता डिजिटल मिळतं. स्वित्झर्लंडचं वर्षभराचंच असतं, ४० फ्रँक, एक दिवस जा नाहीतर वर्षभर. मोटरवे टाळलेत तर दोन्ही नकोत. ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या ब्रेनर पासला मोटरवेचा टोल वेगळा आहे, पण जुना रस्ता फुकट आणि जास्त छान. स्वित्झर्लंडमध्ये गेलातच तर दोन गोष्टी, गावात मर्यादेच्या पाच किलोमीटर वर गेलात तरी ४० फ्रँक दंड, आणि पिवळी पोस्टबस तीन सुरांचा हॉर्न वाजवत आली की तिला जागा द्यायची, तिथे ड्रायव्हर म्हणेल तसं. फोनचं युरोपियन रोमिंगही तिथे बहुतेक चालत नाही, नाशिककराला एका दुपारच्या मॅपचं बिल चांगलं लक्षात आहे.

ऑस्ट्रियात रॉइटं जिल्ह्यातल्या काही रस्त्यांवर २०२० पासून सीझनमध्ये उभ्या बाईकचा आवाज ९५ डेसिबलच्या वर असेल तर प्रवेशच नाही, आकडा बाईकच्या कागदावर असतो. भाड्याच्या बाईक सहसा बसतात, पण घेताना विचारा. फर्स्ट एड किट ऑस्ट्रियात बाईकवरही सक्तीचं आहे. आणि हॉर्न विसरा. आपल्याकडे वळणावर हॉर्न म्हणजे शिष्टाचार, इकडे शिवी.

चौघांनी एकत्र चालवायचं तर एकच नियम, आरशात मागचा दिसला नाही की थांबायचं, आणि प्रत्येक वळणावर, म्हणजे रस्ता बदलतो तिथे, मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. सगळ्यात हळू चालवणारा दुसऱ्या नंबरवर, शेवटी नाही. शेवटी ठेवलात तर तो बिचारा दिवसभर गाठायच्या नादात स्वतःच्या वकुबाबाहेर चालवतो, आणि अपघात तिथेच होतात. हा नियम आम्ही शिकलो श्टेर्झिंगला. म्हणजे त्या दिवशी पेन्सर योखवर ठरलं की खाली श्टेर्झिंगला भेटू. पार्लेकर मागे राहिला होता, तो खाली आला तर त्याचा जीपीएस म्हणतोय विपितेनो. त्याला वाटलं चुकला, म्हणून गावाबाहेर पडला आणि ब्रेनरच्या दिशेने श्टेर्झिंग शोधत गेला. आम्ही चौकात दीड तास बसलेलो, फोन लागेना, डॉक्टरच्या डोक्यात काय काय चाललेलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी हा आला, घामाघूम, आणि म्हणाला अरे या गावाला दोन नावं आहेत. आहेतच. साउथ टिरोल, म्हणजे इटलीच्या उत्तरेचा हा भाग, १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाचा होता, मग इटलीकडे गेला, आणि तिथे प्रत्येक गावाला एक जर्मन, एक इटालियन नाव आहे, बोत्झेन तेच बोल्झानो, मेरान तेच मेरानो, इथवर ठीक, पण श्टेर्झिंग तेच विपितेनो हे कुणाला झेपेल. हॉटेलच्या कागदावर दोन्ही नावं लिहून ठेवा.

खाणं. चौघांत शाकाहारी कोण आहे का ते लिहिलं नाहीत. असेल तर क्नोडेल मागवताना सांभाळा, उकडलेल्या पावाचे गोळे असतात आणि दिसायला अगदी निष्पाप, पण "श्पेक" लिहिलं असेल तर आत डुकराचे गुलाबी तुकडे. पार्लेकराने अर्धा गोळा खाल्ल्यावर विचारलं की हे टोमॅटो आहेत का. चीजचे किंवा पालकाचे मिळतात ते मागवा. "केझश्पेट्झलं" म्हणजे चीजमध्ये घोळवलेल्या अंड्याच्या पिठाच्या जाड शेवया, अंडं चालत असेल तर बिनधास्त. दुपारी कायझरश्मार्न, तव्यावर फाडलेला गोड जाड डोसा समजा, वर पिठीसाखर, सोबत आलुबुखाराचा मुरंबा, एक प्लेट दोघांना पुरते आणि मग चालवताना झोप येते. आमच्याकडे टँकबॅगमध्ये भडंग आणि शेंगदाण्याची चटणी कायम, ती पावाबरोबरही चालते. रविवारी जर्मनी-ऑस्ट्रियात दुकानं बंद, शनिवारीच घेऊन ठेवा.

कपड्यांचं एकच. खाली बोत्झेनला ३४ डिग्री असतं आणि तासाभरात पासवर २१-२२, हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा डिग्री उतरतं. रेनकोट बॅगेच्या तळाशी नको, सगळ्यात वर हवा. २०१६ ला याउफेनवर गारा लागल्या, बोराएवढ्या, हेल्मेटवर असा आवाज की कोणी ताशा वाजवतंय, आणि माझी पावसाळी पँट तीन दिवसांच्या मळक्या कपड्यांखाली. एका गोठ्याच्या पडवीत पाच बाईक आणि पाच माणसं, समोर आठ-दहा गाई शांत रवंथ करतायत. मालकीण बाहेर आली, बघितलं, आत गेली, पाच कप दूध घेऊन आली, गरम. पार्लेकराने सायीसकट प्यायलं आणि म्हणाला सोडा ते स्टेल्व्हिओ, उद्या इथेच येऊ.

तारखांचं म्हणाल तर जूनअखेर चांगली वेळ आहे, उंच पास बहुतेक उघडलेले असतात, पण ज्या वर्षी बर्फ जास्त त्या वर्षी एखादा उशीर करतो, तेव्हा निघायच्या आधी एकेकाचं स्टेटस बघा. जाउ आणि पोर्दोईची काळजी नको, ते लवकर उघडतात. हॉटेलं आत्ताच बुक करा, डोलोमाइट्समधलं आधी, आणि विचारताना बाईकला गॅरेज आहे का आणि ओले बूट वाळवायला खोली आहे का हे दोन प्रश्न नक्की विचारा. तिकडच्या बऱ्याच हॉटेलांत स्कीवाल्यांसाठी केलेली गरम खोली असते, तिथे रात्री बूट टांगले की सकाळी कोरडे.